दापोलीचे पेन्शनर आणि अमेरिकेचे बौद्ध सैनिक

दापोलीला जुनी माणसे आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली. पुढे पलटणी हलल्या, पण नाव राहिले, आणि नावाबरोबर राहिली पेन्शनर माणसे. फौजेत वीस-पंचवीस वर्षे काढलेले जमादार, हवालदार, सुभेदार निवृत्तीनंतर इथे घर करून राहू लागले. त्यांतले बरेच जण महार होते. सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. महूहून निवृत्त झाल्यावर ते कुटुंबासह आधी दापोलीलाच आले. बाबासाहेबांचे अगदी लहानपण या पेन्शनरांच्या वस्तीत गेले.

या लेखात त्यांच्या शेजारी मी आणखी एका सैनिकांच्या गटाला बसवणार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेली जपानी वंशाची मुले. त्यांच्यातली पुष्कळशी बौद्ध कुटुंबांतली होती. आपल्याकडे दरवर्षी १ जानेवारी जवळ आली की फौज, शौर्य, स्तंभ यांवर खूप बोलले जाते. पण सैन्यात गेलेल्या दबलेल्या समाजाला बदल्यात काय मिळाले, कधी मिळाले आणि कोणी मिळवून दिले, याचा हिशेब क्वचित मांडला जातो. तो हिशेब एकट्या कोकणावरून नीट दिसत नाही. त्याच प्रश्नातून गेलेला, आपलाच धम्म मानणारा दुसरा समाज शेजारी ठेवला की बऱ्याच गोष्टी उघड होतात.

कोकणातून फौजेत

रत्नागिरी जिल्ह्यातला महार समाज इंग्रजी फौजेत इतक्या संख्येने का गेला, याचे उत्तर लढवय्या रक्तात शोधण्याआधी जमिनीत शोधावे. कोकणात खोती होती. जमीन खोताची, कसणारा दुसरा, आणि महाराच्या वाट्याला गावकी आणि वेठ. घाटावर महार वतनाची थोडीफार तरी जमीन असे, कोकणात तो आधार कमी होता. समुद्रमार्गे मुंबई जवळ होती. गोदी, गिरणी, गोऱ्या साहेबाच्या घरची चाकरी आणि पलटण, या चार वाटा गावाबाहेर पडायच्या होत्या. त्यांतली पलटणीची वाट सर्वांत जुनी. (खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ते याच भागातल्या कुळांसाठी. कायद्याने खोती गेली ती १९४९ मध्ये.)

फौजेत गेलेल्या आणि न गेलेल्या घरांत किती अंतर पडत होते, ते बाबासाहेबांच्या संसारातच दिसते. त्यांचे आजोबा मालोजी फौजेत, वडील सुभेदार, आईच्या माहेरचे मुरबाडकरही फौजी. रमाईंचे माहेर दापोलीजवळच्या वणंदचे. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. जात एक, तालुका एक. एका घरात इंग्रजी पुस्तके आणि दुसऱ्या घरात डोक्यावरची टोपली. हा फरक पगार, शाळा आणि पेन्शन या तीन गोष्टींनी पाडला होता.

यातली शाळा सर्वांत महत्त्वाची. फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचे असे. बाबासाहेबांनी हे आपल्या लेखनात मुद्दाम नोंदवले आहे. रामजी स्वतः लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. ज्या काळात गावातल्या शाळेच्या अंगणातही अस्पृश्य मूल येऊ शकत नव्हते, त्या काळात पलटणीत महार माणूस शिकवत होता.

कोरेगावच्या स्तंभाचीही नीट माहिती असावी, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात त्याची फार ओढाताण होते. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची एक पलटण, थोडे घोडेस्वार आणि मद्रासचा लहानसा तोफखाना होता, सारे मिळून आठशेच्या आसपास. पेशव्यांची फौज अठ्ठावीस हजारांची सांगतात. ती तेवढी असली तरी एका वेळी सगळी गावावर तुटून पडली नव्हती, त्यातल्या काही तुकड्यांनी हल्ले केले. पलटण मिश्र होती. स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' प्रत्यय असलेली, म्हणजे महार सैनिकांची आहेत. हे आकडे जसे आहेत तसे सांगितले तरी त्यांचे वजन कमी होत नाही. ज्याची सावली गावात चालत नव्हती त्याचे नाव सरकारने दगडावर कोरले, हीच त्यातली मोठी गोष्ट आहे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते या नावांसाठी.

१८९२

मग दार बंद झाले. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातल्या फौजेचे सरसेनापती असलेले फ्रेडरिक रॉबर्ट्स हे 'लढाऊ जमाती' या सिद्धांताचे कट्टर पुरस्कर्ते होते. काही जाती-जमाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, असा तो सिद्धांत. उत्तरेकडच्या पंजाबी, पठाण, गुरखा यांना झुकते माप मिळाले. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्यावर उच्चवर्णीय सैनिक अस्पृश्यांबरोबर राहणार नाहीत, ही सबबही आली. १८९२ मध्ये महारांची भरती थांबली. सत्तर-ऐंशी वर्षे चांगले लढलेले लोक एका शेऱ्याने न लढणारे ठरले.

समाजशास्त्र शिकताना 'लढाऊ जमाती' हा वसाहतवादी वर्गीकरणाचा नमुना म्हणून एका परिच्छेदात येतो आणि जातो. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र त्याचा अर्थ एवढा साधा होता: पुढच्या पिढीला पगार नाही, पलटणीची शाळा नाही, पेन्शन नाही. ज्यांना आधीच पेन्शन सुरू होती तेवढेच शेवटचे.

या शेवटच्या पिढीने जे केले ते आपल्या चळवळीचे पहिले पान आहे. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. 'दीनबंधु'सारख्या पत्रांत ते लिहीत. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि सवर्णांना अस्पृश्यतेच्या आधारांविषयी प्रश्न विचारले. दापोलीत त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापन केली. भरतीबंदीविरुद्ध १८९४ चा अर्ज त्यांनी याच मंडळीच्या नावाने तयार केला. पुढे महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायचे कसे यावर सवर्ण सभासद अडून बसले.

याच दशकात दापोलीच्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. मुले घ्यायची, पण व्हरांड्यात बसवायची, असा त्यावर 'तोडगा' निघत असे. राणीच्या फौजेत मेडल घेतलेल्या बापाचा मुलगा व्हरांड्यात. पेन्शनरांनी तेही मुकाट्याने घेतले नाही, पुन्हा अर्ज केले.

मी जाणूनबुजून 'पेन्शनर' या शब्दावर जोर देत आहे. अर्ज करायला लिहिता यावे लागते, आणि अर्ज केल्यावर गावाने वाळीत टाकले तरी चूल पेटती राहावी लागते. गावकीवर पोट असलेला माणूस खोताविरुद्ध अर्ज करू शकत नाही. दर महिन्याला सरकारी खजिन्यातून थोडे रुपये मिळणारा माणूस करू शकतो. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या भाषणात या दापोलीच्या लष्करी पेन्शनरांची आठवण काढली आणि भरती बंद झाल्याने या पट्ट्यातल्या समाजाची कशी पीछेहाट झाली ते सांगितले. त्या परिषदेला निवृत्त सैनिक मोठ्या संख्येने हजर होते. समता सैनिक दलाची शिस्तही अशाच जुन्या फौजींनी बसवली.

अर्जाची भाषा

या अर्जांविषयी एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. १८९४ च्या अर्जात मुख्य दावा असा होता की आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत आणि दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खावे लागल्यामुळे आम्हाला खाली ढकलले गेले. म्हणजे सरकारचा 'लढाऊ जमात' हा निकष मान्य करायचा आणि आम्हीही त्यात बसतो असे म्हणायचे. त्या काळात दुसरी भाषा सरकारला कळत नव्हती, हे खरे. पण या भाषेची किंमत अशी की जे 'क्षत्रिय' नाहीत त्यांना बाहेर ठेवणे आपोआप रास्त ठरते.

शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे जो अर्ज पाठवला, तो फौज आणि पोलीस या दोन्हींची दारे मागत होता. हळूहळू मागणी 'आम्ही कोण होतो' यावरून 'आम्ही या राज्याचे प्रजानन आहोत' याकडे सरकली. बाबासाहेबांनी तर क्षत्रियत्वाचा मुद्दाच सोडून दिला. १९५६ मध्ये त्यांनी जी ओळख दिली, तिच्यात कुणापेक्षा वरचे असण्याची गरजच उरली नव्हती.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महार पुन्हा आठवले. १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभी राहिली. युद्ध संपले, काटकसर आली, १९२१ मध्ये पलटण बरखास्त. गरज असली की लढाऊ आणि गरज संपली की नाही, हे कळायला यापेक्षा वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही.

तिकडे अमेरिकेत

आता समुद्रापार जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी मजूर हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत आणि कॅलिफोर्नियात शेतीवर जात होते. त्यांच्यामागून जपानचे बौद्ध भिक्खू गेले, विहारे उभी राहिली. या पहिल्या पिढीला अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नव्हते. कायदाच तसा होता. त्यांची तिथे जन्मलेली मुले मात्र जन्माने नागरिक होती. या दुसऱ्या पिढीला 'निसेई' म्हणतात.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर लगेच ज्यांना अटक झाली त्यांत बौद्ध भिक्खू मोठ्या संख्येने होते. ख्रिस्ती झालेला जपानी माणूस थोडा विश्वासाचा आणि बौद्ध राहिलेला संशयाचा, अशी सरकारी धारणा होती. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. कोणावरही खटला नव्हता. छावण्यांत बहुसंख्य माणसे बौद्ध होती. बराकींतच विहारे भरू लागली. १९४४ मध्ये युटा राज्यातल्या टोपाझ छावणीत त्यांच्या संघटनेने आपले नाव बदलून 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' केले. 'चर्च' हा शब्द का घ्यावा लागला, हे वाचकाला सांगायला नको.

आणि याच छावण्यांतून १९४३ पासून सरकारने सैनिक मागितले.

हवाईच्या निसेईंची १०० वी बटालियन आधीच तयार झाली होती. १९४३ मध्ये ४४२ वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम उभी राहिली: जवान सगळे जपानी वंशाचे, वरचे अधिकारी बहुतेक गोरे. जून १९४४ मध्ये ती इटलीत लढाईला उतरली. (त्याच उन्हाळ्यात इटलीतच, १० जुलैला, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातली आणि हवाईतली मुले एकाच डोंगराळ मुलखात लढत होती.) ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरात वेढ्यात सापडलेल्या टेक्सासच्या बटालियनला सोडवायला ४४२ वीला पाठवले. २११ माणसे सुटली. ती सोडवताना निसेईंचे सुमारे ८०० जवान ठार किंवा जखमी झाले. आकारमान आणि सेवाकाळ पाहता अमेरिकेच्या इतिहासात सर्वाधिक पदके मिळवलेली ही तुकडी मानली जाते. तिच्यातल्या २१ जणांना सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' आहे, पण त्यांतली बहुतेक पदके २००० साली, फेरतपासणीनंतर दिली गेली. ५५ वर्षांनी.

गळ्यातले अक्षर

अमेरिकन सैनिकाच्या गळ्यात धातूची ओळखपट्टी असते. तिच्यावर नाव, क्रमांक, रक्तगट आणि धर्माचे अक्षर. त्या काळात अक्षरे तीनच होती: प्रोटेस्टंटसाठी 'पी', कॅथलिकसाठी 'सी', ज्यूसाठी 'एच'. बौद्धासाठी अक्षर नव्हते. बौद्ध मुलांच्या पट्टीवर ती जागा रिकामी राही किंवा 'पी' पडे. मेल्यावर कुठल्या पद्धतीने अंत्यविधी करायचा हे ठरवायला ते अक्षर असते. ४४२ वीत धर्मगुरू नेमले गेले, तेही जपानी वंशाचे, पण ख्रिस्ती. त्या पाद्र्यांनी जखमींची आणि मृतांची मनापासून सेवा केली, त्यांच्याविषयी सैनिकांनी आदरानेच लिहिले आहे. तरी बौद्ध भिक्खू नेमला गेला नाही तो नाहीच. मुलगा फ्रान्समध्ये पडला की छावणीतल्या आईला तारेच्या कुंपणाआड पदक मिळे, आणि तिथली वंदना तिच्या धम्माची असे. मुलाच्या कबरीवर मात्र क्रूस.

युद्धानंतर तिथल्या बौद्ध तरुणांच्या संघटनांनी ओळखपट्टीवर बौद्धांसाठी 'बी' अक्षर असावे म्हणून मोहीम चालवली. आज अमेरिकेच्या सरकारी सैनिकी दफनभूमीत कबरीच्या दगडावर धम्मचक्र कोरून मिळते. अमेरिकी सैन्यदलांत पहिली बौद्ध धर्मगुरू नेमली गेली ती २००४ मध्ये, नौदलात. जीनेट शिन हे तिचे नाव.

हे अक्षराचे भांडण आपल्याला परके नाही. १९५६ नंतर आपल्या किती पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहायचे यावरून वाद झाले! सवलती जातील या भीतीने 'हिंदू महार' लिहिले गेले. १९९० मध्ये बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू करणारी दुरुस्ती झाली, तरी सवय गेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. बौद्धवाडीत फिरणाऱ्या कुणालाही विचारा, खरा आकडा याहून मोठा आहे असेच तो सांगेल.

होय म्हणणारे आणि नाही म्हणणारे

४४२ वीची कहाणी सांगताना अमेरिकेतही बरेच जण एक प्रकरण गाळतात. १९४३ च्या सुरुवातीला छावण्यांत एक प्रश्नावली वाटली गेली. २७ वा प्रश्न: सांगू तिथे सैन्यात सेवा कराल का? २८ वा: अमेरिकेशी बिनशर्त एकनिष्ठ राहून जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडाल का? जी निष्ठा कधी नव्हतीच ती सोडायची कशी, असा तरुणांचा सवाल होता. दोन्हींना 'नाही' म्हणणाऱ्यांना कॅलिफोर्नियातल्या टूली लेकच्या कडक छावणीत हलवले.

१९४४ मध्ये सक्तीची भरती सुरू झाल्यावर वायोमिंग राज्यातल्या हार्ट माउंटन छावणीतल्या तरुणांनी भूमिका घेतली: आम्ही नागरिक आहोत, लढायला तयार आहोत, पण आधी आमच्या आईवडिलांना या तारांतून सोडा आणि आमचे हक्क परत करा. त्यांतल्या ६३ जणांवर एकत्र खटला चालला आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी माफी दिली. त्यांच्याच समाजाच्या प्रमुख संघटनेने, जपानीज अमेरिकन सिटिझन्स लीगने, त्या वेळी त्यांना देशद्रोह्यांसारखे वागवले होते. तिने २००२ मध्ये त्यांची जाहीर माफी मागितली.

मला वाटते, रणांगणावर गेलेले आणि तुरुंगात गेलेले या दोघांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. आपल्याकडे वलंगकरांचा अर्ज आणि महाडचा सत्याग्रह यांचे नातेही असेच आहे. सेवेचा दाखला देऊन मागणे आणि माणूस म्हणून थेट घेणे. पहिल्याची खिल्ली उडवून दुसऱ्याचे मोठेपण वाढत नाही.

दोन न्हावी

डॅनियल इनोये हे ४४२ वीतले अधिकारी. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत त्यांचा उजवा हात गेला. घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोत ते केस कापायला गेले, अंगावर वर्दी आणि पदके. जपान्याचे केस इथे कापत नाहीत, असे न्हाव्याने सांगितले. इनोये बौद्ध नव्हते, ख्रिस्ती होते. तिथे धर्म बदलूनही कातडी बदलत नव्हती.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की साताऱ्यात न्हावी भरपूर होते, पैसे द्यायची घरच्यांची ऐपत होती, पण अस्पृश्याचे केस कापायला एकही तयार नव्हता. त्यांचे केस मोठी बहीण कापायची. घर होते निवृत्त सुभेदाराचे.

ओरेगन राज्यातल्या हूड रिव्हर गावात तर माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखेने नोव्हेंबर १९४४ मध्ये गावच्या सैनिकांच्या सन्मानफलकावरून १६ निसेई जवानांची नावेच पुसली. मुले तेव्हा आघाडीवर होती. देशभर ओरड झाल्यावर ती पुन्हा लिहिली गेली. कोरेगावच्या दगडावरची नावे पाहताना मला हा फलक आठवतो.

वर्दीने हक्क मिळत नाहीत याचे आणखी एक उदाहरण भगतसिंग थिंड यांचे. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात, पगडीसह. नागरिकत्वासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायदा फक्त 'गोऱ्या' माणसाला नागरिकत्व देत होता, म्हणून त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की उच्चजातीय हिंदू आर्य वंशाचा असतो आणि गोरा अमेरिकन काळ्यांशी लग्नसंबंध जोडत नाही तसा तोही आपल्याकडच्या खालच्यांशी जोडत नाही. जातच पुरावा म्हणून कोर्टात! १९२३ मध्ये ते हरले. शेवटी १९३५ मध्ये माजी सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्यामुळे त्यांना नागरिकत्व मिळाले. शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला जातिभेदबंदीचा नियम करावा लागला, तेव्हा तिथे गेलेल्या आपल्या देशबांधवांनी सामानात काय नेले होते ते कळते.

वर्दी उतरवल्यावर

मग निसेईंना हक्क मिळाले ते कशामुळे? मेडलांमुळे, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. मेलेल्या जवानांच्या आईवडिलांना नागरिक होण्याचा अधिकार १९५२ च्या कायद्याने मिळाला. छावण्यांबद्दल सरकारची माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई १९८८ मध्ये मिळाली. मधल्या काळात संघटना, खटले, निवडणुका होत्या. आणि त्यांच्या मुळाशी होता युद्धानंतर सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणारा 'जीआय बिल' नावाचा कायदा. हवाईतली मळेमजुरांची मुले त्या पैशांवर कॉलेजात गेली, वकील झाली आणि १९५४ मध्ये त्यांनी मळेमालकांच्या पक्षाची तिथल्या विधिमंडळातली सत्ता उलथवली. इनोये त्यांतलेच. कायद्याची पदवी घेऊन ते पुढे सिनेटर झाले. (हाच कायदा दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांपर्यंत स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांनी धड पोचू दिला नाही.) दापोलीची पेन्शन आणि हवाईचा जीआय बिल, काम एकच.

आपल्याकडे जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र रेजिमेंट व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. सुरुवातीच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. १९२१ सारखे या वेळी घडले नाही. फाळणीच्या काळात या रेजिमेंटने पंजाबात निर्वासितांचे तांडे सांभाळले. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे परमवीरचक्र याच रेजिमेंटचे. १९४३ मध्ये उभी राहिलेली चमार रेजिमेंट मात्र १९४६ मध्ये मोडली गेली, आणि ती परत मिळावी ही मागणी अजून होत असते.

आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आपल्या मुलांपुढे भरतीचा प्रश्न आला की तो अग्निपथ योजनेचा असतो. जून २०२२ मध्ये ती जाहीर झाली. सेवा चार वर्षांची. त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम करणार. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मिळणार, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. योजनेच्या लष्करी गुणदोषांवर बोलायला जाणकार आहेत. मी एवढेच पाहते की दापोलीच्या पेन्शनरांनी जे केले त्याचा पाया महिन्याकाठी आयुष्यभर येणारी रक्कम हा होता, आणि तोच या करारातून काढून घेतला आहे. भरतीला जाणाऱ्या मुलाला अडवू नये. पण चार वर्षांनी तो परत येईल तेव्हा त्याच्या हातात पदवी किंवा चालणारे कौशल्य असेल याची तजवीज गावशाखेने आणि मुंबई मंडळाने आत्तापासून करावी. सेवेत असताना मुक्त विद्यापीठातून शिकता येते, तिथे नाव घालून मगच त्याला निरोप द्यावा. आणि सैन्याच्या भरतीत धर्मशिक्षकांच्या जागा निघतात, त्यांत बौद्ध भिक्खूंसाठीही, लडाख स्काउट्सकरिता महायान परंपरेतल्या, जागा असते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

दोन कामे लगेच करण्यासारखी आहेत. येत्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात जात, दोन्ही स्पष्ट लिहून घ्यायचे. प्रगणक घरी येईल त्या दिवशी वाडीत लिहिता-वाचता येणारी दोन मुले त्याच्याबरोबर फिरली तरी पुरे. दुसरे, मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर या पट्ट्यातल्या जुन्या घरांत पत्र्याच्या पेट्यांमध्ये सेवापुस्तके, डिस्चार्जचे कागद, पेन्शनच्या वह्या, पदके पडून आहेत. कौले उतरवून स्लॅब घालताना त्या पेट्या पहिल्यांदा बाहेर जातात. कागद मागू नका, घरच्यांकडेच राहू द्या. उजेडात मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो घ्या आणि त्याच वेळी वहीत पाच गोष्टी लिहा: सैनिकाचे नाव, गाव आणि वाडी, पलटण व क्रमांक, भरती आणि निवृत्तीची साले, आणि कागद आज कोणाकडे आहे. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नाव आणि क्रमांक कोरलेला असू शकतो, तोही भिंगातून वाचून उतरवून घ्या.